गिटारचा खर्ज

सहा तारांची बेस गिटार घ्यायला निघालेल्या माणसापुढे एकाच नावाची दोन वाद्ये येतात. पहिलीच्या तारा नेहमीच्या गिटारसारख्याच ई, ए, डी, जी, बी, ई अशा लावलेल्या असतात, फक्त साऱ्या एक सप्तक खाली. दुसरीच्या तारा खालून बी, ई, ए, डी, जी, सी अशा. म्हणजे चार तारांच्या बेसला खालच्या अंगाला एक आणि वरच्या अंगाला एक तार जोडलेली. यांच्या शेजारीच बॅरिटोन गिटार टांगलेली असते. तिच्या तारांमधली अंतरे गिटारचीच, पण सगळे वाद्य षड्ज-मध्यमाच्या किंवा षड्ज-पंचमाच्या अंतराने खाली उतरवलेले. नावावरून पहिल्या दोघी सख्ख्या बहिणी वाटतात आणि बॅरिटोन लांबची. इतिहास उलट सांगतो. पहिली सहातारी आणि बॅरिटोन एका घरातल्या; दुसरी वेगळ्या घरातली. पहिलीला बेस म्हणणे हीच मुळात गफलत आहे. तो गिटारचा खर्ज आहे. आपल्याकडे सतार आणि सुरबहार यांचे जे नाते, तेच इथे आहे. सुरबहार सतारीच्या खाली बोलते, तिच्या तारा जाड आणि दांडी लांब, पण बोटांना सतारीचीच ओळख पुरते. मुंबईत आयुष्याची अनेक दशके घालवलेल्या अन्नपूर्णादेवींचे ते वाद्य. त्याला कुणी सतारीची साथ करणारे वाद्य म्हणणार नाही.

सुरुवात 1950च्या दशकातल्या अमेरिकेत झाली. लिओ फेंडर यांनी 1951 मध्ये बाजारात आणलेली प्रिसिजन बेस डबल बेसची जागा घेण्यासाठी होती, म्हणून तिला डबल बेसच्याच चार तारा दिल्या आणि तारेची बोलती लांबी 34 इंच ठेवली. न्यू जर्सीत डॅनइलेक्ट्रो ही कंपनी चालवणारे नॅथन डॅनियल वेगळ्या वाटेने गेले. सिअर्ससारख्या मोठ्या दुकानांसाठी ते स्वस्त गिटारी आणि अॅम्प्लिफायर बनवत. लाकडी चौकटीवर मेसोनाइटचे तक्ते आणि लिपस्टिकच्या धातूच्या नळीत बसवलेले पिकअप, असा त्यांचा काटकसरीचा माल. 1956 मध्ये त्यांनी सहा तारांची बेस काढली. लांबी साडेएकोणतीस इंच, तारा गिटारसारख्या जवळजवळ, आणि मिळवणीही गिटारचीच. गिटारवादकाला नवे काही न शिकता एक सप्तक खाली उतरता येईल, असे हे वाद्य होते. फेंडरने 1961 मध्ये बेस सिक्स आणली. लांबी 30 इंच, तीन पिकअप, आणि स्वर हेलकावणारा ट्रेमोलो दांडा. हा दांडा बोलका आहे. ज्याने पाया धरायचा त्या बेसवाल्याला सूर हलवण्याचे काय काम? तो दांडा गिटारवादकासाठीच होता.

लांबीचा मुद्दा हिशेबाने पाहावा, कारण निवड शेवटी तिथेच अडते. तारेचा स्वर तिची लांबी, ताण आणि वजन यांवर ठरतो. साडेपंचवीस इंचांच्या साध्या गिटारवर तोच ताण ठेवून तार एक सप्तक खाली आणायची, तर दर इंचाला तिचे वजन चौपट करावे लागते. 30 इंचांवर सुमारे 2.9 पट पुरते, आणि 34 इंचांवर सव्वादोन पट. तार फार जाड झाली की ताठ होते, तिचे वरचे उपस्वर किंचित बेसूर होतात आणि फ्रेटवरचे स्वर जागेवर बसत नाहीत. म्हणून 30 इंचांची सहातारी ही तडजोड आहे. फेंडरच्या बेस सिक्सवर .084 इंचांची सर्वांत जाड तार येई. ती हाताला सैल लागते, आणि तिचा खालचा ई 34 इंचांच्या बेसइतका भक्कम उमटत नाही. बेस म्हणून हा दोषच. पण तीच तार पिकने छेडली की टणक, धातूची किनार असलेला आवाज निघतो, आणि पुढचा सारा इतिहास त्या किनारीचा आहे.

तो घडला नॅशव्हिलच्या स्टुडिओंत. ओवेन आणि हॅरल्ड ब्रॅडली या भावांचा क्वॉन्सेट हट नावाचा स्टुडिओ होता. तिथे 1961 मध्ये पॅट्सी क्लाइनचे ‘क्रेझी’ ध्वनिमुद्रित झाले. बॉब मूर यांच्या हातात डबल बेस आणि हॅरल्ड ब्रॅडली यांच्या हातात सहा तारांची इलेक्ट्रिक बेस होती. तळव्याने तारा दाबून, पिकने टकटक वाजवत डबल बेसचेच स्वर उचलायचे, अशी ही पद्धत. त्या आवाजावरून वादकांनी तिला ‘टिक-टॅक’ नाव दिले. डबल बेसचा स्वर खोल आणि गोल. रेडिओच्या लहानशा स्पीकरमधून तो विरघळून जाई. सहातारी त्याला कडा देई. इथे दोन बेस एकाच वेळी वाजत होत्या, हे लक्षात घ्यायला हवे. सहातारी खरोखर बेस असती तर दुसरीची गरज पडली नसती. तिचे काम पाया घालण्याचे नव्हते, पायाची रेघ ऐकू येईल अशी ओढण्याचे होते.

पुढचे दाखले त्याच दिशेला जातात. गिटारवादक ड्वेन एडी यांनी डॅनइलेक्ट्रोची सहातारी मुख्य धून वाजवायला घेतली. शॅडोज या बँडमधून बाहेर पडलेल्या जेट हॅरिस यांनी 1962 मध्ये फेंडरच्या सहातारीवर ‘बेसामे मुचो’ वाजवले. तेही गाण्याच्या जागी, साथीच्या नव्हे. गिटारवादक ग्लेन कॅम्पबेल यांनी आपल्या 1968च्या ‘विचिटा लाइनमन’मधला एकल तुकडा स्टुडिओतल्या बेसवादक कॅरल के यांच्या डॅनइलेक्ट्रोवर वाजवलेला आहे. बेसवादकाचे वाद्य गिटारवादकाने मागून घ्यावे आणि त्यावर धून वाजवावी, यापेक्षा स्पष्ट पुरावा क्वचितच मिळेल. द क्युअरच्या रॉबर्ट स्मिथनी 1980च्या दशकात सहातारीवर जे स्वर विणले, तेही बेसच्या वर तरंगणारे आहेत.

यावर बीटल्सचे उदाहरण पुढे केले जाते. ‘द लाँग अँड वाइंडिंग रोड’मध्ये जॉन लेनन यांनी सहातारी सरळ बेस म्हणूनच वाजवली. खरे आहे, पण पॉल मॅकार्टनी पियानोवर बसले होते आणि बेसची जागा गिटारवाल्याने भरायची होती. ओळखीच्या मिळवणीमुळे ते जमले. उलट जॅक ब्रूस हे जातिवंत बेसवादक. क्रीम या बँडच्या सुरुवातीच्या काळात ते फेंडरची सहातारी वाजवत, आणि नंतर गिब्सनच्या चार तारांच्या बेसकडे गेले. दुसरा आक्षेप खपाचा. डॅनइलेक्ट्रो 1969 मध्ये बंद पडली, फेंडरने 1975 मध्ये बेस सिक्स थांबवली. म्हणजे बाजाराने हे वाद्य नाकारले, असे म्हणता येईल. पण स्टुडिओच्या वाद्याची किंमत खपावर लावता येत नाही. नॅशव्हिलमधली एक सहातारी वर्षानुवर्षे शेकडो गाण्यांत वाजू शकते, आणि विक्रीच्या वहीत तिची नोंद एकच.

सगळ्यात वजनदार आक्षेप बेसवादक अँथनी जॅक्सन यांचा आहे. बेस गिटार ही गिटारच्या कुळातली, तेव्हा तिला पहिल्यापासून सहा तारा हव्या होत्या. चारच आल्या त्या डबल बेसची नक्कल केल्यामुळे, असे त्यांचे म्हणणे. 1975 मध्ये कार्ल थॉम्पसन यांनी त्यांच्यासाठी खालच्या बीपासून वरच्या सीपर्यंतची सहातारी घडवली. पुढे फोडेराने बनवलेल्या वाद्यांत लांबी 36 इंचांवर गेली. जॅक्सन यांचा तर्क मला पटतो, आणि म्हणूनच तो डॅनियल यांच्या सहातारीच्या बाजूने जात नाही. बी तारेचा स्वर सेकंदाला सुमारे 31 कंपनांचा; तो भक्कम हवा म्हणून लांबी वाढवावी लागली, तारा बेसच्या राहिल्या, अंतरे चौथ्या स्वराची राहिली. बेसचा विस्तार करायचा तर तो असा, बेसच्याच नियमांनी. तीस इंचांवर गिटार खाली खेचून तो होत नाही.

साध्या गिटारला जाड तारा लावून भागणार नाही का, हा प्रश्न बॅरिटोनपुरता योग्य आहे. बीपर्यंत उतरायला साडेपंचवीस इंचही कसेबसे चालतात; सत्तावीस-अठ्ठावीसवर स्वर नीट उभा राहतो, आणि कॉर्ड वाजवल्या तरी चिखल होत नाही. सप्तकभर खालच्या सहातारीवर मात्र खालच्या तीन तारांत कॉर्ड धरली की स्वर एकमेकांत गुरफटतात. म्हणून ज्याला गाण्याखाली कॉर्डची साथ द्यायची आहे त्याने बॅरिटोन बघावी, आणि ज्याला एकेका स्वराची जाड रेघ हवी त्याने सहातारी. 2013 नंतर फेंडर आणि त्यांच्या स्क्वायर या स्वस्त नावाखाली बेस सिक्स पुन्हा सहज मिळू लागली, तेव्हा अनेकांनी पहिले काम केले ते .084ची तार काढून .095ची किंवा त्याहून जाड लावण्याचे. ती लावण्याआधी घोडीवर तारेची लांबी पुरेशी मागे घेता येते का ते बघावे लागते. नाहीतर बाराव्या फ्रेटवरचा ई वर चढतो आणि खुंटी कितीही पिळली तरी खाली येत नाही.