मजुरी, श्रमदान आणि यंत्र : बुलढाणा जिल्ह्यातील जलसंधारण व ग्रामीण लोकसंघटन

प्रस्तावना

ग्रामीण विकासाच्या चर्चेत ‘लोकसहभाग’ ही संज्ञा सर्रास वापरली जाते. तथापि गावाच्या कामावर आलेला माणूस मजूर म्हणून आला, दाता म्हणून आला, की नुसता पाहत उभा राहिला, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखात बुलढाणा जिल्ह्यातील जलसंधारणाच्या आधारे या प्रश्नाचा ऐतिहासिक मागोवा घेतला आहे.

अजिंठ्याच्या डोंगररांगेमुळे हा जिल्हा घाटावरचा आणि घाटाखालचा अशा दोन भागांत विभागला गेला आहे. घाटावरचे पाणी पैनगंगा व खडकपूर्णा या नद्यांवाटे गोदावरीच्या खोऱ्यात, तर घाटाखालचे पूर्णेवाटे तापीत जाते. घाटाखालच्या खारपाण पट्ट्यात भूजल आहे, पण ते खारे आहे. साहजिकच पावसाचे पाणी अडविणे हा दोन्ही भागांचा समान प्रश्न ठरतो.

श्रमदानाची परंपरा व हक्काची मजुरी

विदर्भात श्रमदानाला नैतिक अधिष्ठान दिले ते राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी. १९५५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ग्रामगीते’त ग्रामसेवा हीच ईश्वरसेवा मानली गेली. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सुरू झालेल्या समुदाय विकास कार्यक्रमानेही गावकऱ्यांच्या श्रमावर भिस्त ठेवली होती. १९७२ च्या दुष्काळाने मात्र या विचाराची मर्यादा उघड केली. ज्याच्या घरात दाणा नाही, त्याच्याकडून श्रमाचे दान मागता येत नाही. वि. स. पागे यांच्या पुढाकारातून आकाराला आलेल्या रोजगार हमी योजनेने श्रमाला हक्काची मजुरी दिली. तिचा कायदा १९७७ साली संमत होऊन २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. पाझर तलाव, नालाबांध आणि रस्ते यांच्या कामांवर स्त्रिया मोठ्या संख्येने आल्या व हजेरीपटावर त्यांची नावे स्वतंत्रपणे नोंदली गेली. दुष्काळग्रस्त येथे याचक न राहता कामाची मागणी करणारा नागरिक झाला.

२०१८ : एकाच वर्षातील दोन मार्ग

पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत २०१८ साली ७५ तालुके सहभागी झाले होते. ८ एप्रिल ते २२ मे या ४५ दिवसांच्या स्पर्धेत मोताळा तालुक्यातील सिंदखेड या गावाला राज्यात विभागून दुसरा क्रमांक मिळाला. प्रथम प्रशिक्षण, मग श्रमदान, अशी या उपक्रमाची रचना होती. त्यामुळे माथा ते पायथा उपचारांचे तांत्रिक ज्ञान गावातच राहिले.

त्याच वर्षी भारतीय जैन संघटनेच्या ‘सुजलाम सुफलाम’ उपक्रमाने जिल्ह्यात शंभराहून अधिक जेसीबी व पोकलेन यंत्रे आणली. तलावांतून निघालेला गाळ शेतकऱ्यांनी आपापल्या शेतात नेला. राष्ट्रीय महामार्गांच्या भरावासाठी तलाव व नाले खोल करून माती-मुरूम घेण्याची पद्धत तर ‘बुलढाणा पॅटर्न’ या नावाने देशभर ओळखली गेली. रस्त्याला माती आणि गावाला पाणीसाठा, असा तिचा सरळ हिशेब होता. यंत्राचा वेग निर्विवाद होय. पण त्यात मजुराला स्थान उरले नाही.

मूल्यमापन

हे तीन मार्ग म्हणजे प्रगतीच्या चढत्या पायऱ्या नव्हेत. प्रत्येक मार्गाने गावातील वेगळा घटक संघटित केला. रोजगार हमीने भूमिहीनाला, श्रमदानाने गावाच्या सामूहिक भावनेला, तर यंत्राने जमीनधारकाला. अडविलेले पाणी अखेर विहिरीत उतरते आणि विहीर ज्याची जमीन त्याची असते. गाळही ज्याचे शेत आहे त्यालाच उपयोगी. भूमिहीनाने मजुरी न घेता केलेल्या श्रमाचा मोबदला त्याला कोणत्या रूपाने मिळावा, हा प्रश्न त्यामुळे शिल्लक राहतो. पाणी वाढल्यावर वर्षभर शेतमजुरी मिळेल, हे उत्तर अर्धवट आहे. कारण मिळालेले पाणी कोणत्या पिकाला द्यायचे, हे ठरविताना मजुराचे मत बहुधा विचारात घेतले जात नाही.

समारोप

तलाव पुन्हा गाळाने भरतो. टिकते ती त्याची देखभाल करणारी संघटना. म्हणून पाण्याच्या वाटपाचा निर्णय भूमिहीनांसह ग्रामसभेत होणे हीच लोकसंघटनाची खरी कसोटी मानावी लागेल. सुकडी खाऊन आणि खडी फोडून १९७२ चे दिवस काढलेली पिढी आता वार्धक्यात आहे. जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी त्यांच्या मौखिक साक्षी व उपलब्ध हजेरीपट जतन करण्याचे कार्य तातडीने हाती घ्यावे. अन्यथा या इतिहासात पुरस्कार आणि यंत्रे उरतील. पाटी वाहणारे हात उरणार नाहीत.