आधी पाया, मग रंग

१९८२ साली दूरदर्शनवर रंगीत प्रक्षेपण सुरू झाले, तेव्हा घरोघरचे कृष्णधवल संच निकामी झाले नाहीत. रंगाची माहिती मूळ संदेशात अशी मिसळलेली होती, की जुना संच ती सोडून देई आणि उजेड-छायेचे चित्र पूर्वीसारखेच दाखवी. नव्याला जास्त, पण जुन्यालाही पुरेसे, हे तत्त्व पुढे वेबलाही उपयोगी पडले.

टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत १९८९ ते १९९१ या काळात वेब घडवले. एचटीएमएल या त्याच्या भाषेत एक साधा नियम होता: ब्राउझरला एखादी खूण कळली नाही, तर ती वगळायची, आतला मजकूर मात्र दाखवायचा. म्हणून तेव्हाची पाने आजही वाचता येतात.

मराठीचा अनुभव मात्र उलट होता. १९९१ साली इस्की हे भारतीय लिप्यांचे प्रमाणक ठरले, त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली. पण संगणकांत त्यांचा आधार नव्हता. त्यामुळे नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मराठी वृत्तपत्रांची संकेतस्थळे आपापले फॉन्ट वापरू लागली. त्यांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असत. फॉन्ट नसेल, तर पडद्यावर निरर्थक रोमन अक्षरे! दिसणे होते, मजकूर नव्हता. शोधही घेता येत नसे. विंडोज २००० पासून युनिकोडचा वापर वाढला, पण जुने लिखाण रूपांतर केल्याशिवाय उपयोगाचे राहिले नाही.

मोबाइलवर हाच प्रश्न पुन्हा आला. १९९८ सालच्या वॅप पद्धतीत फोनसाठी वेगळी भाषा आणि वेगळी पाने लागत; काही वर्षांत ती मागे पडली. २००३ साली स्टीव्ह चॅम्पियन आणि निक फिंक यांनी 'प्रोग्रेसिव्ह एन्हान्समेंट' ही कल्पना मांडली: आधी सर्वांना वाचता येईल असा मजकूर, मग मांडणी, शेवटी हालचाल आणि सोयी. २०१० साली ईथन मार्कोट यांनी पडद्याच्या रुंदीप्रमाणे बदलणारी मांडणी सुचवली.

समजा, बेटेगावातली एखादी विद्यार्थिनी २०१७ साली आलेल्या जिओफोनसारख्या बटणांच्या, छोट्या पडद्याच्या फोनवर परीक्षेचा निकाल पाहत आहे. पान जावास्क्रिप्टवाचून उघडतच नसेल आणि जोडणी मध्येच तुटली, तर तिच्या हाती कोरा पडदा येतो. निकाल साध्या मजकुरात असेल, तर तो दिसतो. सजावट राहिली तर बिघडत नाही.

हे काम करणाऱ्याला सतत शिकावे लागते. फ्लॅशमध्ये पारंगत झालेल्यांचे ते कौशल्य २०२० अखेर त्याचा आधार संपताच निरुपयोगी ठरले. एचटीएमएल जाणणाऱ्याला मात्र केवळ भर घालावी लागली. म्हणून विद्यार्थ्यांना साधने शिकवताना त्यांखालचे तत्त्व आधी शिकवावे, असे आम्हांला वाटते.

वर्गात एक प्रयोग करून पाहा. ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट आणि चित्रे बंद करून नेहमीची पाच संकेतस्थळे उघडा. काय उरते, काय नाहीसे होते, याचा तक्ता विद्यार्थ्यांना करू द्या.