म्हैसूरची सकाळ आणि औंधचे सूर्यनमस्कार

म्हैसूरमध्ये पहाटे सूर्यनमस्काराने सुरू होणारी योगसाधना आज जगभर ओळखली जाते आणि ती अनादि काळापासून याच रूपात चालत आली असावी असा अनेकांचा समज असतो. परंतु तिचे आजचे रूप मुख्यतः १९३०च्या दशकात घडले आणि ज्या काळात ते घडले त्या काळातील सूर्यनमस्काराच्या प्रसारात एका मराठी संस्थानाचा वाटा फार मोठा होता.

सूर्योपासना अर्थातच त्याहून पुष्कळ जुनी आहे. संध्यावंदन, म्हणजे दिवस आणि रात्र यांच्या संधिकाळी करावयाची उपासना, आणि त्यातील अर्घ्य, म्हणजे सूर्याला मंत्रपूर्वक ओंजळीने दिलेले पाणी, हा परंपरेने द्विजांचा नित्यनेम होता. सातारा जिल्ह्यातील औंधचे अधिपती भवानराव उर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांनी या उपासनेशी व्यायामाची सांगड घातली, आपल्या संस्थानातील शाळांत सूर्यनमस्कार सुरू केले आणि त्यांवर पुस्तके लिहिली. १९३८ मध्ये त्यांचे इंग्रजी पुस्तक लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. त्यांच्या पद्धतीत मंत्र हा शोभेचा भाग नव्हता. ‘ह्रां’पासून ‘ह्रः’पर्यंतची सहा बीजाक्षरे, म्हणजे देवतेची शक्ती सामावलेले मानले जाणारे एकाक्षरी मंत्र, आणि मित्र, रवि, सूर्य, भानु अशा क्रमाने भास्करापर्यंत जाणारी बारा नावे स्पष्ट उच्चारून प्रत्येक नमस्कार घालावयाचा असे, त्यामुळे श्वास, नाद आणि शरीर एकाच वेळी कामाला लागत. व्यायामाला श्रद्धेचे बळ मिळाल्यावर तो किती टिकतो हे बाळासाहेबांनी नेमके ओळखले होते.

त्याच काळात म्हैसूरमध्ये महाराज नाल्वडी कृष्णराज वोडेयार यांच्या आश्रयाने तिरुमलै कृष्णमाचार्य यांची योगशाळा १९३३ मध्ये जगन्मोहन राजवाड्यात सुरू झाली. तेथे राजघराण्याशी संबंधित अरसु समाजातील मुले शिकत, आणि त्याच राजवाड्यात व्यायामशिक्षक के. व्ही. अय्यर यांच्या शिष्याकडून सूर्यनमस्कारही शिकवले जात. औंधच्या पद्धतीचा कृष्णमाचार्यांवर थेट परिणाम किती झाला याविषयी अभ्यासकांत एकमत नाही, तर त्यांचे शिष्य पट्टाभि जोइस यांच्या परंपरेत सूर्यनमस्काराचा क्रम प्राचीन ग्रंथातून आल्याचे मानले जाते. दोन्ही प्रवाह एकाच पिढीत आणि संस्थानिकांच्याच आश्रयाने वाढले, एवढे मात्र निर्विवाद आहे.

जोइस यांनी १९४८ मध्ये म्हैसूरच्या लक्ष्मीपुरम भागात स्वतःची संस्था काढली. तेथील पद्धतीत साधक प्रथम ताठ उभा राहून हात जोडतो, गुरुवंदनेचा मंत्र म्हणतो आणि मगच नऊ विन्यासांचा, म्हणजे श्वासाशी जोडलेल्या नऊ हालचालींचा, पहिला सूर्यनमस्कार घालतो. अमावास्या आणि पौर्णिमा या दिवशी साधनेला सुट्टी असते. सकाळचा व्यायाम आणि सकाळची प्रार्थना यांची येथे फारकत झालेली नाही, आणि हेच या पद्धतीचे खरे सामर्थ्य आहे.

कृष्णमाचार्यांच्या योगशाळेत १९३४ मध्ये आलेले बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये पुण्यात शिकवण्यासाठी आले आणि पुढे तेथेच स्थायिक झाले. म्हैसूरचा योग महाराष्ट्रात आला त्याचे श्रेय मराठी माणूस त्यांना आदराने देतो. औंधच्या पंतप्रतिनिधींचे नावही त्याने तितक्याच आदराने घेतले पाहिजे.