बलातुश्शुहदा ते अँब्वाझ

सकाळचे साडेआठ वाजले तरी प्वातिए शहरातले रस्त्यावरचे दिवे जळतच होते. डिसेंबरात फ्रान्समध्ये सूर्य असाच उशिरा उगवतो. भाईजान, म्हणजे माझा मावसभाऊ, गाडीच्या काचेवरचे बर्फ खरवडत म्हणाला, "पाच वाजता पुन्हा अंधार. काय पाहायचे ते आताच सांग."

माझे ठरलेले होते. इ. स. ७३२ मध्ये तूरच्या लढाईत अरबांची युरोपातली आगेकूच थांबली, हे वाक्य मी वर्गात कितीदा तरी सांगितले आहे. आमच्या उर्दू पुस्तकांत याच लढाईला बलातुश्शुहदा म्हणतात. बलात म्हणजे फरसबंदी रस्ता. शहिदांचा रस्ता.

शहरापासून वीसेक किलोमीटरवर मुसे-ला-बताय हे छोटेसे गाव आहे. जवळून जुना रोमन रस्ता गेलेला. लढाईच्या नेमक्या जागेवर इतिहासकारांचे एकमत नाही, पण गावाने नावातच लढाई जपली आहे. नांगरलेली शेते, धुके, आणि बुद्धिबळाच्या पटासारखी आखलेली मोठी फरशी. तिच्यावर दोन्ही बाजूंची हकिकत सांगणारे फलक. आमच्याशिवाय तिथे कोणीही नव्हते.

अंदलुसचे सुभेदार अब्दुर्रहमान अल-गाफिकी इथे पडले. रात्री त्यांच्या फौजेने तंबू तसेच उभे ठेवून माघार घेतली. सकाळी शार्ल मार्तेलच्या सैनिकांना तंबू रिकामे सापडले. ७५४ साली स्पेनमधल्या एका ख्रिस्ती लेखकाने ही हकिकत लॅटिनमध्ये लिहिली. शार्लच्या लोकांना त्याने 'युरोपीय' म्हटले आहे. एवढा जुना हा शब्द लोकांसाठी क्वचितच सापडतो.

दीन विरुद्ध दीन असा सरळ हिशेब मात्र तिथे नव्हता. अक्विताइनच्या ड्यूक ओदोने आपली मुलगी मुनुझा नावाच्या बर्बर सरदाराला दिली होती. त्या मुनुझाला अब्दुर्रहमान यांच्याच फौजेने संपवले. उलट आपल्याकडे जे सांगत नाहीत तेही सांगते: लढाईआधी या फौजेने प्वातिएबाहेरचे संत इलेरचे चर्च जाळले होते. आणि ७३२ नंतर सगळे संपले असेही नाही. नार्बोन शहर ७५९ पर्यंत मुसलमानांकडेच होते. एका वाक्यात मी मुलांना केवढे गाळून सांगत आले!

पुढे तूर. ज्या संत मार्तेंच्या मठाच्या दौलतीसाठी फौज निघाली होती, त्याचे जुने मंदिर आता नाही. दोन बुरूज तेवढे उभे आहेत. चहा घेऊन आम्ही निघालो.

अँब्वाझचा किल्ला ल्वार नदीच्या काठी उंचावर आहे. लोक इथे लिओनार्दो दा विंचीची कबर पाहायला येतात. आम्ही मागच्या बागेकडे वळलो. अल्जीरियाचे अमीर अब्दुल कादिर यांनी डिसेंबर १८४७ मध्ये शस्त्रे ठेवली, ती अक्का किंवा इस्कंदरियाला पोहोचवण्याच्या वचनावर. वचन मोडले गेले. १८४८ च्या नोव्हेंबरपासून ते कबिल्यासह याच किल्ल्यात कैद होते. ऑक्टोबर १८५२ मध्ये लुई नेपोलियनने स्वतः येऊन सुटकेची खबर दिली. तोवर सोबतचे पंचवीस जण इथेच मातीत गेले होते. त्यांत बायका होत्या, लेकरे होती. वाळवंटातली माणसे, आणि ही ओली थंडी. २००५ साली अल्जीरियन कलावंत रशीद कुरैशी यांनी त्यांच्यासाठी हलबच्या दगडाच्या पंचवीस शिळा बसवल्या. आम्ही फातिहा पढली. भाईजानच्या तोंडून वाफ निघत होती.

याच अमीरांनी १८६० मध्ये दमिश्कच्या दंगलीत हजारो ख्रिस्ती लोकांना आसरा दिला, आणि फ्रान्सने त्यांना आपला मोठा किताब दिला. माझ्या पुस्तकात ही हकिकत नाही.

उतरताना नदीकाठी पोलादी पत्र्यातून कापलेली त्यांची आकृती पाहिली. ५ फेब्रुवारी २०२२ रोजी, उद्घाटनाच्या दिवशीच, कोणीतरी ती तोडून वाकवली होती. तरीही समारंभ त्याच दिवशी, त्या मोडक्या आकृतीपुढेच, पार पडला. मी फोटो काढेपर्यंत अंधार पडला. फोटोत फक्त नदीवरचे दिवे आले आहेत.