लुगर पिस्तुलाचे मॅगझीन : जुळत्या क्रमांकाचे मोल आणि मर्यादा

शस्त्रांच्या इतिहासात मॅगझिनाला फारसे स्वतंत्र स्थान मिळालेले नाही. पिस्तुलाच्या मुठीत सरकवावयाची, काडतुसे भरलेली ही पत्र्याची पेटी हरवणारी, वाकणारी आणि सहज बदलता येणारी असते. परंतु संग्राहकांच्या बाजारात याच गौण भागाला मोठे महत्त्व आलेले आहे. पिस्तुलावरील आणि मॅगझिनावरील क्रमांक एकच असेल, तर त्या जोडीची किंमत सुट्या वस्तूंच्या एकत्रित किमतीहून पुष्कळ अधिक होते. हे अधिकचे मोल दिले जाते, ते दोन्ही वस्तू आरंभापासून एकत्र होत्या या विश्वासापोटी. तो विश्वास कितपत साधार आहे, हे जर्मन लष्कराच्या लुगर पिस्तुलावरून चांगले तपासता येते.

बोर्खार्ट याच्या १८९३ च्या पिस्तुलात सुधारणा करून गेओर्ग लुगर याने हे शस्त्र सिद्ध केले. स्विस सैन्याने ते १९०० मध्ये, जर्मन आरमाराने १९०४ मध्ये व जर्मन भूदलाने १९०८ मध्ये स्वीकारले. भूदलातील ‘पी. ०८’ हे त्याचे नाव या शेवटच्या वर्षावरूनच पडले. त्याच्या मॅगझिनात ९ मिलिमीटरची ८ काडतुसे मावत. सैनिकाजवळ दोन मॅगझिने असत. एक पिस्तुलात आणि दुसरे चामडी म्यानाच्या खिशात. दोहोंच्या बुडांवर पिस्तुलाचाच क्रमांक ठोकीत आणि जादा मॅगझिनावर त्याखेरीज अधिक चिन्ह असे. पोलीस दलांकडील जोड्यांवर पुढे १ आणि २ हे अंकही आढळतात. खाजगी विक्रीच्या पिस्तुलांबरोबरची मॅगझिने मात्र सामान्यतः क्रमांकरहित असत. त्यामुळे क्रमांकाचा अभाव हा प्रत्येक वेळी दोष ठरत नाही.

क्रमांकाकडे वळण्यापूर्वी वस्तूची घडण पाहणे अगत्याचे आहे. पहिल्या महायुद्धापर्यंतच्या मॅगझिनाचा देह पोलादी पत्रा दुमडून केलेला असे. त्याचा सांधा उघड दिसतो आणि वर बहुधा निकेलचा मुलामा असतो. बूड लाकडाचे असून त्याच्या दोन्ही बाजूंस समकेंद्री वर्तुळे कोरलेली असतात. महायुद्धोत्तर काळात लाकडाची जागा ॲल्युमिनियमने घेतली. १९३० नंतरच्या दशकात झूल येथील हेनेल कारखान्याची बिनसांध्याची, एकसंध नळीची मॅगझिने प्रचारात आली. त्यांपैकी लष्करी मॅगझिनांवर प्रथम १२२ हा आणि नंतर ‘एफएक्सओ’ हा संकेत आढळतो. शेवटच्या काळातील बुडे काळ्या प्लॅस्टिकची आहेत. अर्थात १९१७ सालच्या पिस्तुलाबरोबर बिनसांध्याचे मॅगझीन आले, तर त्यावरील क्रमांक कितीही जुळो, ती जोडी मूळची असू शकत नाही. घडणीचा पुरावा येथे क्रमांकाच्या पुराव्यावर मात करतो.

घडण आणि काळ जुळले, तरी क्रमांकाची साक्ष मर्यादितच राहते, आणि याचे कारण क्रमांकनाच्या पद्धतीतच आहे. लष्करी पिस्तुलांना १ पासून १०,००० पर्यंत क्रमांक देत. ते संपले की ए, बी, सी अशा एकेका अक्षराची जोड देऊन पुन्हा १ पासून आरंभ होई आणि नव्या वर्षी सारी मालिका पहिल्यापासून सुरू होई. शिवाय बर्लिनच्या ‘डीडब्ल्यूएम’ या कंपनीबरोबरच १९११ ते १९१८ या काळात एर्फुर्ट येथील सरकारी शस्त्रशाळाही हेच पिस्तूल बनवीत होती व तिची मालिका वेगळी होती. पिस्तुलावर निर्मितीचे वर्ष आणि कारखान्याची खूण असते. मॅगझिनाच्या बुडावर मात्र वर्ष नसते. समजा, बुडावर ४५२१ हा अंक आणि सी हे अक्षर आहे. हे चिन्ह धारण करणारी पिस्तुले वेगवेगळ्या वर्षी आणि दोन्ही ठिकाणी निघालेली असणे शक्य आहे. अक्षर न पाहता केवळ चार अंकांवर समाधान मानले, तर संभाव्य पिस्तुलांची संख्या कितीतरी पटींनी वाढते. म्हणून जुळता क्रमांक ‘ही जोडी मूळची असू शकेल’ एवढेच सांगतो.

दुसरी अडचण पुनःक्रमांकनाची आहे. १९१९ च्या व्हर्साय तहाने जर्मन सैन्य एक लक्षापुरते मर्यादित झाले. तेव्हा जुनी पिस्तुले दुरुस्त करून पुन्हा वापरात आणली गेली आणि जुन्या मॅगझिनांवरील क्रमांक खोडून नवे घालण्यात आले. अशा बुडावर दोन क्रमांक दिसतात. घाईने पाहणारा त्याला बनावट समजून टाकून देईल. वस्तुतः अपुऱ्या साधनांवर चालणाऱ्या एका सैन्याच्या काटकसरीचा तो दस्तऐवज आहे. उलटपक्षी, निष्कलंक बुडावरील एकच सुबक क्रमांक अधिक संशयास्पद असू शकतो. कारण लाकडी बूड बदलणे किंवा कोऱ्या ॲल्युमिनियमवर अंक ठोकणे हे काम अवघड नाही आणि किमतीतील तफावत त्याला उत्तेजन देते. येथे अंकांचे वळण त्या कारखान्याच्या ठशांशी ताडून पाहावे. ठोक्याने उचललेली धातूची कड आजूबाजूच्या पृष्ठभागाइतकीच झिजली आहे काय, बूड धरून ठेवणारी खीळ पूर्वी काढल्याच्या खुणा आहेत काय, हेही पाहावे. जुन्या मोडी कागदाची पारख करताना केवळ शिक्का पाहून भागत नाही. कागद, शाई, वळण आणि मायना यांची एकवाक्यता पाहावी लागते. तोच न्याय येथे लागू आहे.

यावरून मूल्यनिर्धारणाचा क्रम ठरतो. प्रथम काळ आणि कारखाना, मग बूड व देह मूळचे एकत्र असल्याची खात्री, त्यानंतर काडतुसे धरणाऱ्या ओठांची, स्प्रिंगची व मुलाम्याची स्थिती आणि सर्वांत शेवटी क्रमांकाची जुळणी. दुर्मिळता हा स्वतंत्र निकष होय. लांब नळीच्या लुगरसाठी १९१७ मध्ये आलेले ३२ काडतुसांचे गोगलगाईच्या आकाराचे मॅगझीन क्रमांकाच्या जुळणीवाचूनही मौल्यवान ठरते. जुळत्या जोडीला जास्त किंमत द्यावयाची, तर तिच्यामागे हस्तांतराची नोंद हवी. ते शस्त्र कोणाकडून, केव्हा आणि कशासह आले, याची लेखी साखळी असल्यास क्रमांकाला बळ येते.

अभ्यासकाच्या दृष्टीने खरी हानी खरेदीदाराच्या फसवणुकीपुरती मर्यादित नसते. जुळणीच्या हव्यासापायी जुना क्रमांक घासून नवा घातला जातो, तेव्हा ते मॅगझीन मूळचे कोणत्या पिस्तुलाचे होते आणि कोणत्या मार्गाने येथवर आले, हे सांगणारी बहुधा एकमेव खूण कायमची नष्ट होते. रणांगणावर, दुरुस्तिशाळेत व शरणागतीच्या वेळी मॅगझिनांची अदलाबदल होणे स्वाभाविक होते; न जुळणारा क्रमांक त्या अदलाबदलीची साक्ष देतो. म्हणून संग्रहालयांनी पिस्तूल आणि मॅगझीन यांची नोंद स्वतंत्रपणे करावी, दोहोंवरील सर्व खुणा जशा आहेत तशा टिपाव्यात आणि विसंगती दुरुस्त करण्याच्या मोहात पडू नये. बाजाराला जो दोष वाटतो, तो इतिहासाला अनेकदा पुरावा असतो.