पोटाच्या ऑपरेशननंतर काय खावे, किती चालावे आणि काय उचलू नये

घरी सोडताना मिळालेल्या डिस्चार्ज कार्डवर औषधे असतात, टाके काढायची तारीख असते आणि शेवटी एक ओळ असते : ‘हलका आहार घ्या, जड वजन उचलू नका.’ हलका म्हणजे नेमका कोणता आणि जड म्हणजे किती किलो, हे तिथे लिहिलेले नसते. मग ही रिकामी जागा नातेवाईक आणि शेजारी भरून काढतात. कोणी सांगते भात देऊ नका, टाक्यांत पू होईल. कोणी सांगते महिनाभर अंथरुणातून उठू देऊ नका. पहिल्या सल्ल्याने रुग्णाचे पोषण कमी पडते. दुसऱ्याने पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो, आणि हा धोका प्रसंगी जिवावर बेतू शकतो.

पुढील माहिती अपेंडिक्स, पित्ताशय, हर्निया, गर्भाशय काढणे, सिझेरियन अशा नेहमीच्या शस्त्रक्रियांसाठी आहे. आतड्याचा किंवा जठराचा भाग काढला असेल, अथवा पोटावर स्टोमाची पिशवी लावली असेल, तर तुमच्या सर्जनने दिलेला आहारतक्ताच पाळा. तो वेगळा असतो.

पहिले काही दिवस : आतड्यांचा वेग सांभाळून

भूल, आतड्यांची झालेली हाताळणी आणि तीव्र वेदनाशामके यांमुळे पचनसंस्थेची हालचाल काही काळ मंदावते. लहान आतडे साधारण एका दिवसात कामाला लागते, जठराला एक ते दोन दिवस लागतात, मोठे आतडे सर्वांत शेवटी म्हणजे दोन-तीन दिवसांनी पूर्ववत होते. म्हणूनच डॉक्टर राउंडला आले की ‘गॅस पास झाला का?’ हे विचारतात. उत्तर द्यायला लाजू नका.

पूर्वी गॅस सरेपर्यंत रुग्णाला उपाशी ठेवत. १९९० च्या दशकात डेन्मार्कचे सर्जन हेन्रिक केलेट यांनी लवकर खाणे आणि लवकर चालणे यांवर भर देणारी पद्धत मांडली. आता अनेक शस्त्रक्रियांनंतर काही तासांतच पाणी सुरू करतात. मात्र पहिला घोट कधी, हे तुमचे डॉक्टरच ठरवतील.

सुरुवात घोटाघोटाने करा : पाणी, नारळपाणी, मुगाच्या डाळीचे पाणी, तांदळाची पेज. उलटी झाली नाही, पोट फुगले नाही, की मऊ वरण-भात, मुगाची खिचडी, नाचणीची आंबील, दही-भात, वाफवलेले दुधी-पडवळ. मग फुलका. तीन मोठ्या जेवणांऐवजी दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे खा. हरभरा, राजमा, वाटाणा, कोबी यांनी गॅस होतो, ते दोन आठवडे बाजूला ठेवलेले बरे. मधुमेह असेल तर ‘अशक्तपणा आहे’ म्हणून ग्लुकोजचे पाणी आणि फळांचे रस पिऊ नका. वाढलेल्या साखरेने जखम चिघळते.

दुर्बिणीतून ऑपरेशन झालेल्यांना दोन-तीन दिवस खांदा दुखतो आणि ते घाबरतात. पोट फुगवण्यासाठी वापरलेला कार्बन डायऑक्साइड वायू श्वासपटलाला डिवचतो, त्याची कळ खांद्यात जाणवते. चालण्याने आराम पडतो. त्याबरोबर छातीत दुखत असेल किंवा दम लागत असेल, तर मात्र लगेच डॉक्टरांना कळवा.

भाताने पू होत नाही

पू जंतूंमुळे होतो. तो होण्याची शक्यता वाढते ती अनियंत्रित मधुमेह, धूम्रपान, तंबाखू आणि कुपोषणामुळे. भात, लिंबू, आंबट ताक यांचा त्याच्याशी संबंध नाही. उलट लिंबू, आवळा, पेरू यांतले ‘क’ जीवनसत्त्व जखम भरायला लागते.

खरी अडचण वेगळीच असते. ‘हलके’ म्हणून रुग्ण दिवसभर चहा-खारी, पेज आणि साबुदाण्याच्या खिचडीवर राहतो. यात पिष्ट पदार्थ भरपूर, प्रथिने जवळजवळ नाहीत. आणि जखम विणली जाते ती प्रथिनांनी. या काळात वजनाच्या दर किलोमागे रोज साधारण १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे ६० किलोच्या व्यक्तीला ७० ते ९० ग्रॅम. वाटते तितके हे कठीण नाही. दोन अंडी १२ ग्रॅम देतात, दोन ग्लास दूध साधारण १३, दोन वाट्या घट्ट वरण तेवढेच, ५० ग्रॅम पनीर ९, मूठभर शेंगदाणे ७. उरलेले पोळी, भात, दही यांतून येते. शाकाहारींना सोयाबीनच्या वड्यांचा चांगला आधार आहे, पण त्या गॅस बसल्यावरच घ्या. मांसाहार करणाऱ्यांना एक सांगतो : चिकनच्या नुसत्या सूपमध्ये फार काही नसते, फोडी खा. कमी तिखटाचे माशाचे कालवणही चालेल. मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्र प्रथिने डॉक्टरांना विचारूनच वाढवा.

डिंकाचे लाडू, तुपातला शिरा वाईट नाहीत, पण त्यांनी पोट भरून वरण राहून जात असेल तर उपयोग नाही. पित्ताशय काढलेल्यांना तळलेले आणि तुपकट खाल्ल्यावर काही आठवडे जुलाब होऊ शकतात. यकृत पित्त तयार करतच असते, फक्त ते साठवायची जागा गेलेली असते. त्यामुळे तेल-तूप कायमचे बंद नको, थोडे थोडे वाढवत न्या.

शौचाची भीती

टाके तुटतील या भीतीने अनेक जण शौचाला जायचे टाळतात. त्यातून मल कडक होतो आणि मग खरोखरच कुंथावे लागते. ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामके आणि लोहाच्या गोळ्या बद्धकोष्ठता वाढवतात. आठ-दहा ग्लास पाणी (हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार नसेल तर), पपई, भिजवलेले अंजीर, शिजवलेली पालेभाजी, एवढ्याने बहुतेकांचे भागते. इसबगोल घ्यायचा तर भरपूर पाण्यासोबत, नाहीतर तो उलट अडकून बसतो. तीन दिवस शौचाला झाली नाही तर डॉक्टरांकडून औषध लिहून घ्या. पोटावर मोठा छेद असेल तर पहिले काही आठवडे उकिडवे बसणे त्रासाचे होते. घरी कमोड नसल्यास कमोडची खुर्ची भाड्याने मिळते.

उठायचे कसे, चालायचे किती

पाठीवर झोपलेले असताना सरळ उठून बसू नका. तेव्हा सगळा ताण टाक्यांवर येतो. गुडघे दुमडा, खांदे आणि कंबर एकदम वळवून कुशीवर या, पाय पलंगाखाली सोडा आणि हाताने रेटत उठा. मिनिटभर बसा, चक्कर येत नसेल तर उभे राहा. खोकला किंवा शिंक आली की छोटी उशी पोटाशी घट्ट धरा.

बहुतेकांना त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उभे करतात. पडल्या पडल्या दर तासाला दहा वेळा पावले वर-खाली हलवा आणि दहा दीर्घ श्वास घ्या. पहिले पायांत रक्त साकळू देत नाही, दुसरे फुप्फुसांत कफ साचू देत नाही. घरी आल्यावर पाच-पाच मिनिटे, दिवसातून चार-पाच वेळा चाला. घरात, गच्चीवर, सोसायटीच्या आवारात, कुठेही. चालताना बोलता आले पाहिजे, दम लागता कामा नये. दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस बरेच जण सलग वीस मिनिटे चालू शकतात. जिना चढायला हरकत नाही, कठडा धरून सावकाश चढा. आणि वेदनाशामक गोळी दिलेल्या वेळेला घ्या. दुखणे सोसत पडून राहण्यात काहीच मिळवत नाही.

टाके निघाले, पण जखम अजून कच्ची आहे

लोकांचा सर्वांत मोठा गैरसमज इथे आहे. आठवड्या-दोन आठवड्यांनी टाके निघतात, वरून त्वचा छान दिसते आणि घरातली बाई पुन्हा हंडा उचलू लागते. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी भरलेल्या जखमेत मूळच्या ताकदीच्या जेमतेम ३० टक्के ताकद असते. तीन महिन्यांनी ती सुमारे ८० टक्क्यांवर जाते, त्यापुढे फारशी वाढत नाही. मधल्या काळात ताण पडला तर आतला थर विरतो आणि काही महिन्यांनी, कधी वर्षांनी, त्या जागी हर्निया होतो. म्हणजे पुन्हा ऑपरेशन.

मोठा छेद असेल तर निदान सहा आठवडे, दुर्बिणीतून झाले असेल तर दोन ते चार आठवडे, चार-पाच किलोंपेक्षा जास्त काही उचलू नका. पिठाची पाच किलोची पिशवी ही तुमची कमाल मर्यादा समजा. पाण्याने भरलेली बादली त्याच्या दुप्पट-तिप्पट असते आणि भरलेला घरगुती गॅस सिलिंडर ३० किलोच्या आसपास. गाद्या उचलणे, ओले कपडे पिळणे, हापसा मारणे हेही यातच आले. लहान मूल असेल तर तुम्ही बसा आणि त्याला मांडीवर चढू द्या. (हा परिच्छेद घरातल्या इतरांना वाचून दाखवा, बादली त्यांनाच उचलायची आहे.) पोटपट्ट्याने आधार वाटतो, चालताना कमी दुखते, म्हणून तो वापरायला हरकत नाही. पण तो हर्निया टाळतो असे समजून वजन उचलू नका. झोपताना काढून ठेवा.

दुखणे ओसरल्यावर, साधारण दोन आठवड्यांनी, डॉक्टरांना विचारून दोन साधे व्यायाम करता येतात. गुडघे दुमडून झोपा, श्वास सोडताना बेंबी हळूच आत ओढा, पाच आकडे मोजून सोडा. किंवा त्याच स्थितीत दोन्ही गुडघे एकत्र ठेवून डावी-उजवीकडे थोडेसे झुकवा. कळ आली की थांबा. सूर्यनमस्कार, कपालभाती, सिट-अप्स यांना मी माझ्या रुग्णांना तीन महिने मनाई करतो. दुचाकी किंवा चारचाकी चालवायची तर जोरात ब्रेक दाबताना पोटात दुखता कामा नये, आणि गुंगी आणणारी गोळी सुरू नसावी.

उद्याची वाट न पाहता डॉक्टरांना गाठा

ताप ३८ अंश सेल्सिअसच्या, म्हणजे १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला; जखम लाल, गरम झाली किंवा पू आला; सतत उलट्या होत आहेत, पोट फुगून कडक झाले आहे आणि गॅसही सरत नाही; एकाच पायाची पोटरी सुजली, दुखू लागली; तर त्याच दिवशी दाखवा. अचानक दम लागला किंवा छातीत दुखले तर थेट रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा. जखमेतून एकाएकी भरपूर गुलाबी पाणी येऊ लागले, तर आतले टाके सुटत असल्याची ती खूण असू शकते. अशा वेळी आडवे व्हा, जखमेवर स्वच्छ ओले फडके ठेवा, काही खाऊ-पिऊ नका आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.