पालक प्रायोजनाच्या उत्पन्न-अटींतील प्रादेशिक फरक

परदेशात स्थायिक झालेल्या मुलाने किंवा मुलीने आपल्या आईवडिलांना त्या देशात कायमच्या वास्तव्यासाठी बोलावून घेणे यास पालक प्रायोजन म्हणतात. बोलावणाऱ्या अपत्यास प्रायोजक असे म्हटले जाते. वृद्ध आईवडिलांच्या निर्वाहाचा भार सरकारी तिजोरीवर पडू नये, म्हणून अनेक देश प्रायोजकाकडून ठरावीक उत्पन्नाचा पुरावा आणि निर्वाहाची लेखी हमी घेतात. ही अट देशागणिक वेगळी असतेच. परंतु कॅनडा आणि अमेरिका या देशांत ती देशांतर्गतही प्रदेशानुसार बदलते. उत्तर अमेरिकेतील मराठी कुटुंबांच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे. सारखीच मिळकत असलेल्या दोन भावंडांपैकी एकास आईवडिलांना बोलावता येते आणि दुसऱ्यास, केवळ त्याचे घर दुसऱ्या प्रांतात आहे म्हणून, येत नाही असे त्यामुळे घडू शकते.

पार्श्वभूमी

भारतात आईवडिलांचा सांभाळ हे अपत्याचे कायदेशीर कर्तव्य आहे. ‘आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण अधिनियम, २००७’ हा परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकांनाही लागू असून, मूळ अधिनियमात निर्वाहभत्त्याची कमाल मर्यादा दरमहा १०,००० रुपये ठेवण्यात आली होती. प्रायोजनाचे कायदे याच नात्याकडे उलट बाजूने पाहतात. ते सांभाळाची सक्ती करीत नाहीत. सांभाळ करण्याची ऐपत कागदावर सिद्ध करणाऱ्यालाच आईवडिलांना जवळ आणण्याची मुभा देतात. ऐपत कशी मोजावी, याविषयी मात्र त्यांच्यात एकवाक्यता नाही.

कॅनडा

कॅनडात पालक व आजीआजोबा प्रायोजनाची योजना संघीय सरकार चालवते. २०११ च्या नोव्हेंबरात नवे अर्ज घेणे थांबवण्यात आले आणि जानेवारी २०१४ मध्ये योजना पुन्हा सुरू झाली, तेव्हा अटी बऱ्याच कडक झालेल्या होत्या. पूर्वी एका वर्षाचे उत्पन्न पुरेसे होते. आता लागोपाठ ३ कर-वर्षांचे दाखवावे लागते. हमीचा काळ १० वर्षांवरून २० वर्षे झाला. उत्पन्नाची मर्यादाही कॅनडाच्या सांख्यिकी खात्याने ठरवलेल्या ‘अल्प उत्पन्न रेषे’च्या ३० टक्के वर नेण्यात आली. महासाथीमुळे २०२० आणि २०२१ या कर-वर्षांपुरती ही ३० टक्क्यांची वाढ माफ करण्यात आली होती. ४ जणांच्या कुटुंबासाठी २०२३ या कर-वर्षाची मर्यादा ६६,४६६ कॅनेडियन डॉलर होती.

अल्प उत्पन्न रेषा वस्तीच्या आकारमानानुसार वेगवेगळी काढली जाते. खेड्यासाठी ती कमी, महानगरासाठी जास्त असते. प्रायोजनासाठी मात्र ५ लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांचा आकडाच सर्वत्र लावला जातो. त्यामुळे सस्कॅचेवानमधील एखाद्या लहान गावात, कमी घरभाड्यात राहणाऱ्या प्रायोजकालाही टोरोंटोच्या मापानेच मोजले जाते. जिथे प्रादेशिक फरक करणे समर्थनीय ठरले असते, तिथेच तो केलेला नाही, असे म्हणावे लागते.

कुटुंबाचा आकार ठरवताना प्रायोजक, त्याचा जोडीदार, मुले आणि येणारे आईवडील या सर्वांची गणना होते. पूर्वी कोणासाठी हमी दिली असेल आणि तिची मुदत संपली नसेल, तर ती व्यक्तीही मोजली जाते. हा नियम मराठी घरांत विशेष जाणवतो, कारण प्रश्न बहुधा एकट्या मुलाच्या आईवडिलांचा नसून दोन्हीकडच्यांचा असतो. पतिपत्नी, दोन मुले, सासूसासरे आणि आईवडील मिळून ८ जण होतात आणि २०२३ साठीची मर्यादा सुमारे १ लाख ४ हजार डॉलरपर्यंत जाते. जोडीदाराला सहप्रायोजक म्हणून सही करून आपले उत्पन्न मिळवता येते. भाऊ, बहीण किंवा मित्राला ती सवलत नाही.

क्वेबेक

५ फेब्रुवारी १९९१ च्या कॅनडा–क्वेबेक करारान्वये स्थलांतराविषयीचे बरेच अधिकार क्वेबेक प्रांताकडे आहेत. माँत्रियालमध्ये राहणाऱ्या प्रायोजकास संघीय सरकारकडून निमंत्रण मिळते, परंतु त्याचे उत्पन्न प्रांताचे स्थलांतर मंत्रालय तपासते. मोजणीची रीत येथे मुळातूनच वेगळी आहे. अल्प उत्पन्न रेषा येथे लागू नाही. प्रायोजकाच्या सध्याच्या कुटुंबाच्या मूलभूत गरजांसाठी एक रक्कम आणि येणाऱ्या माणसांसाठी दुसरी रक्कम प्रांत दरवर्षी ठरवतो. दोहोंची बेरीज म्हणजे आवश्यक उत्पन्न. पुरावा ३ वर्षांचा नव्हे, तर मागील १२ महिन्यांचा मागितला जातो. आईवडिलांसाठीची हमीही २० ऐवजी १० वर्षांची असते.

नुकतीच बढती मिळालेल्या किंवा मधल्या एखाद्या वर्षी नोकरी गेलेल्या माणसासाठी हा भेद निर्णायक ठरू शकतो. तीन वर्षांपैकी एका वर्षी उत्पन्न मर्यादेखाली घसरले, तर ओंटारियोतील अर्ज अपात्र होतो. क्वेबेकमध्ये त्या जुन्या वर्षाचा विचारच होत नाही. आईवडिलांना कायम वास्तव्य मिळण्यापूर्वी प्रायोजकाने क्वेबेकमध्ये बिऱ्हाड हलवले, तर त्याला क्वेबेकच्या अटी पूर्ण कराव्या लागतात. क्वेबेकचा मार्ग म्हणून सोपा आहे असे नाही. २६ जून २०२४ पासूनच्या दोन वर्षांसाठी प्रांताने कुटुंब-प्रायोजनाचे कमाल १३,००० अर्ज स्वीकारण्याचे ठरवले आणि त्यांतील २,६०० च आईवडील, आजीआजोबा व इतर नातलग यांच्या वाट्याला ठेवले.

हमीचे परिणाम

आईवडिलांनी हमीच्या मुदतीत प्रांताची सामाजिक मदत घेतली, तर ती रक्कम प्रायोजकाकडून वसूल होते. ओंटारियोतील ८ प्रायोजकांनी या वसुलीस आव्हान दिले होते. ‘मावी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या खटल्यात कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०११ मध्ये निर्णय दिला की, प्रायोजकाचे म्हणणे ऐकून सरकार वसुली लांबणीवर टाकू शकते, पण कर्ज माफ करू शकत नाही. नोकरी जाणे किंवा नात्यात वितुष्ट येणे यांमुळे हमी संपत नाही.

अमेरिका

अमेरिकेत आईवडिलांचे प्रायोजन २१ वर्षे पूर्ण झालेल्या नागरिकासच करता येते. केवळ ग्रीन कार्ड असून चालत नाही. १९९६ च्या कायद्यानुसार प्रायोजकाचे उत्पन्न संघीय दारिद्र्यरेषेच्या किमान १२५ टक्के असावे लागते. ही रेषा सलग ४८ राज्यांसाठी एक, अलास्कासाठी दुसरी आणि हवाईसाठी तिसरी आहे. २०२४ च्या आकड्यांनुसार ४ जणांच्या कुटुंबास ४८ राज्यांत ३९,००० डॉलर, हवाईत ४४,८५० डॉलर आणि अलास्कात ४८,७५० डॉलर उत्पन्न दाखवावे लागत होते. अलास्का व हवाईचे वेगळे आकडे १९६६ ते १९७० या काळातील प्रशासकीय प्रघातातून आलेले आहेत. न्यूयॉर्क किंवा सॅन फ्रान्सिस्कोच्या महागाईची दखल मात्र या तक्त्यात नाही. मिसिसिपीतील खेड्याला जो आकडा, तोच त्यांना.

कॅनडाच्या तुलनेत येथील मर्यादा बरीच खालची आहे आणि उत्पन्न अपुरे पडल्यास दुसरा नागरिक अथवा ग्रीन कार्डधारक संयुक्त प्रायोजक होऊ शकतो; तो नातलग असण्याची गरज नाही. हमी मात्र वर्षांत मोजलेली नाही. आईवडील नागरिक होईपर्यंत, किंवा त्यांच्या खाती कामाच्या ४० तिमाही जमा होईपर्यंत ती चालते. उतारवयात आलेल्या माणसाच्या बाबतीत दुसरी शक्यता बहुधा नाममात्रच असते.

पालकांची मालमत्ता

बीड जिल्ह्यातील दिंद्रुडसारख्या गावात शेतजमीन आणि निवृत्तिवेतन असलेले दांपत्य स्वतःच्या पायावर उभे असते. कॅनडाच्या हिशेबात त्यांच्या या मिळकतीला स्थान नाही. प्रायोजकाच्या कॅनडातील कर-आकारणीचा कागदच पाहिला जातो. अमेरिकेत येणाऱ्या पालकांची मालमत्ता धरता येते, पण आईवडिलांच्या बाबतीत तिचे मूल्य उत्पन्नातील तुटीच्या ५ पट असावे लागते आणि ती फारसे नुकसान न होता वर्षभरात रोखीत बदलता आली पाहिजे. सातबाऱ्यावर भावाभावांची सामाईक नावे असलेली जमीन या कसोटीला उतरणे कठीण असते.

सुपर व्हिसा

कॅनडाने डिसेंबर २०११ मध्ये सुरू केलेला सुपर व्हिसा हा कायम वास्तव्याचा परवाना नसून दीर्घ भेटीचा आहे. जुलै २०२२ पासून त्यावर एका वेळी ५ वर्षांपर्यंत राहता येते. यासाठी ३० टक्क्यांची वाढ न धरता केवळ अल्प उत्पन्न रेषा पाहिली जाते आणि क्वेबेकसाठी वेगळा तक्ता नाही. किमान १ लाख डॉलरचा आरोग्यविमा मात्र घ्यावा लागतो. कायम वास्तव्यासाठी २०२१ ते २०२५ या काळातील निमंत्रणे २०२० च्या शरद ऋतूत इच्छा-नोंदणी केलेल्यांमधूनच काढण्यात आली. त्यामुळे त्यानंतर कॅनडात गेलेल्यांचे उत्पन्न कितीही असले, तरी त्यांच्यापुढे या काळात सुपर व्हिसाचाच पर्याय राहिला.